दोन बायका, एक दगड आणि दोन मिशा

एका जंगलात एक म्हैस होती आणि तिचं कोणीच खरं मानत नसे. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर गोष्ट संपली की सगळे म्हणतात, आम्हाला कोणी सांगितलंच नाही. सांगितलं होतं. चार वेळा सांगितलं होतं, आणि मोठ्याने सांगितलं होतं. म्हैस हळू बोलते असं ज्यांना वाटतं, त्यांनी म्हैस पाहिलेलीच नाही.

तिचं नाव गजराबाई. शिक्षण चौथी. पाचवीचा वर्ग नदीपलीकडे होता, आणि गजराबाई एकदा पाण्यात उतरली की बाहेर यायचं नाव घेत नसे. म्हणून शिक्षण नदीच्या मधोमध थांबलं.

मुलांनो, आता मांडी घालून बसा. आणि ज्यांना हसू येत असेल त्यांनी हसा, पण आधी इकडेतिकडे बघून घ्या. कशावर हसायचं याचे त्या जंगलात नियम होते.

तर त्या जंगलात एक नाट्यशाळा होती. पळसाच्या झाडांमध्ये सारवलेली जागा, पुढे पडदा, मागे रंगपट. गजराबाई तिथे कपडेपट सांभाळायची. लुगडी धुवायची, मुंडाशी गुंडाळायची, खोट्या मिशांना डिंक लावायची आणि उंदरांना शिव्या घालायची. वीस वर्षं तिने हेच केलं. वीस वर्षांतली सगळी नाटकं तिने विंगेतून पाहिली होती. सगळी पाठ होती. पण कपडे सांभाळणारीला नाटक कळतं, हे कोण मानणार?

नाट्यशाळेचे मुख्य होते बगळे मास्तर. ते एका पायावर उभे राहून डोळे मिटत. जंगल म्हणे, मास्तर चिंतन करतात. गजराबाई म्हणे, झोपतात. हेही कोणी खरं मानलं नाही.

वर्षाच्या शेवटी नाट्यशाळेची परीक्षा असे. परीक्षा सोपी होती. दोघादोघांनी मिळून सिंहमहाराजांपुढे एक विनोदी प्रवेश करायचा. महाराज हसले तर पास. नाही हसले तर सामान उचलायचं आणि घरी जायचं. पुन्हा नाट्यशाळेत कोणी घेत नसे.

आजवर परीक्षेला नरच बसत. त्या वर्षी पहिल्यांदा दोन पोरी बसल्या. एक झिपरी खार आणि दुसरी हौसा घोरपड.

झिपरी एवढी चपळ की वाक्य सुरू व्हायच्या आधी तिचं संपलेलं असे. हौसा एवढी सावकाश की तिने सकाळी विचारलेल्या प्रश्नाला दुपारी उत्तर दिलं तरी चाले, ती अजून तिथेच असे. मधूनमधून जीभ बाहेर काढायची, आत घ्यायची. बोलायची एखादाच शब्द. पण तो शब्द असा पडे की गजराबाई विंगेत तोंडात लुगड्याचा बोळा कोंबून हसे.

हौसाच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या एकच धंदा. कमरेला दोर बांधायचा आणि कड्यावर चढायचं. वर जाऊन चिकटायचं. मग खालचे लोक दोर धरून वर येणार आणि नाव त्यांचं होणार. हौसाचा बाप दोर घेऊन कुंपणाबाहेर येऊन बसलाच होता.

"परीक्षा होऊ दे," तो म्हणाला. "मला घाई नाही. दोर नवीन आहे."

हौसा त्या दोराकडे बघायची आणि जीभ आत घ्यायची.

आता अडचण ऐका.

प्रवेश कुठलाही करून चालत नसे. नाट्यशाळेत एक पेटारा होता. त्यात तीनशे बारा प्रवेश होते. प्रत्येकावर कोल्हे कारभाऱ्यांचा शिक्का. शिक्का असलेलाच प्रवेश करायचा, असा नियम. मास्तरांनी पेटारा उघडला आणि दोघींसाठी विनोदी प्रवेश शोधायला बसले.

पहिल्या प्रवेशात दोन बायका होत्या. दोघी रडत होत्या.

दुसऱ्यात दोन होत्या. एक रडत होती, दुसरी भूत होती.

तिसऱ्यात दोघी बोलत होत्या. "आले का गं ते?" "नाही गं अजून." मग ते आले आणि दोघी पाणी आणायला आत गेल्या. प्रवेश पुढे चौदा पानं चालला. पाणी काही आलं नाही.

असे मास्तरांनी तीनशे दहा प्रवेश चाळले. राहिले दोन. त्या दोन्हींमध्ये बायका विनोदी होत्या. मास्तरांना एवढा आनंद झाला की त्यांनी दुसरा पाय खाली टेकला.

"हे घ्या!" ते म्हणाले. "'पाणवठ्यावरच्या दोघी.' जंगलातला सगळ्यात गाजलेला प्रवेश. आमचे वानर करतात तेव्हा लोक झाडावरून पडतात."

"मास्तर," गजराबाई कपड्यांच्या ढिगाऱ्यामागून म्हणाली, "तो ह्यांच्या कामाचा नाही."

"का नाही?"

"तो काय आणि दुसरा काय, विनोद एकच आहे. पदर सरकतो आणि खाली मिशी दिसते. पोरींचा पदर सरकला तर खाली पोरगीच दिसणार. हसायचं कशाला?"

"गजराबाई, तुम्ही लुगडी मोजा."

"मोजली. अकरा आहेत. हसणार नाही कोणी."

हे पहिल्यांदा सांगितलं, लक्षात ठेवा.

तालीम झाली. झिपरी ठुमकत आली. हौसा ठुमकायला निघाली, अजून पोचायची होती. पदर सरकला. कंसात लिहिलं होतं, हशा. समोर बसलेले वानर एकमेकांकडे बघू लागले.

"संपलं?" एकाने विचारलं.

"विनोद कधी येणार?" दुसरा म्हणाला.

मास्तर कपाळाला पंख लावून बसले. "पोरींनो, दोष तुमचा नाही. मादीच्या अंगात विनोद नसतो, त्याला तुम्ही काय करणार? तुम्ही रडायचा प्रवेश घ्या. फार सुंदर रडाल."

"रडलो तर महाराज हसतील?" झिपरीने विचारलं.

"नाही."

"मग पास कशा होणार?"

"नाही होणार. पण रडायची सवय आधीच झालेली असेल."

आता मात्र गजराबाई उठली. ती उठली की दहा पावलांवरचा पडदा हलतो.

"मास्तर, मी रोज दुपारी तळ्यात बसते. नाक तेवढं वर. बायका येतात, पाणी भरतात, मला दगड समजून बोलतात. दोन पोरींना पुरेल असं तिथे रोज एक नाटक होतं. मी सांगते, ह्या करतील. महाराज पोट धरून हसतील."

हे दुसऱ्यांदा.

"लिहिलेलं आहे का ते?" मास्तरांनी विचारलं.

"बोललेलं आहे."

"मग ते नाटक नव्हे. ती कटकट."

शेजारी कोल्हे कारभारी शिक्के मारत होते. तेही हसले. "चौथी शिकलेली बाई नाटक लिहिणार! मग आम्ही लुगडी धुवायची का?"

"शिकवीन," गजराबाई म्हणाली. "कठीण नाही. साबण लागतो आणि थोडी लाज."

त्या दुपारी तिने दोन्ही पोरींना तळ्यावर नेलं. ती पाण्यात बसली, पोरी काठावर. तिने ऐकवायला सुरुवात केली.

गोष्ट खरी होती. काट्यांची साळू आणि रानडुकरीण शेजारणी. दोघींचा अबोला. अबोला म्हणजे काय हे तुमच्या आईला विचारू नका, काकूला विचारा. अबोल्यात बोलायचं बंद होत नाही, उलट वाढतं. फक्त समोरच्या बाईशी बोलायचं नाही. मध्ये कोणीतरी लागतं. "सांगा हो तिला," असं म्हणायचं आणि तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगायचं. त्या दोघींच्या मध्ये गजराबाई होती. तिला विचारलं कोणी? ती तिथे बसली होती, म्हणून ती मध्ये.

"पण मावशी, परीक्षेत दोघीच हव्यात," झिपरी म्हणाली. "तिसरी कोण होणार?"

"दगड ठेवा," गजराबाई म्हणाली. "मी तरी काय वेगळं करत होते?"

हौसाने मान वर केली. जीभ बाहेर आली, आत गेली.

"दगड... कोणाच्या बाजूने?"

"कोणाच्याच नाही गं बाई. तोच तर त्याचा गुन्हा."

हौसा हसली. तिला हसायला वेळ लागला, पण पूर्ण हसली.

झिपरीने पळसाच्या पानांवर सगळं लिहून काढलं आणि वर नाव घातलं, 'पाणवठ्यावरचा अबोला'. मग ती पानं गजराबाईने गुपचूप पेटाऱ्यात सरकवली, तीनशे बाराव्या प्रवेशाच्या खाली. दुसऱ्या दिवशी बिनशिक्क्याची पानं दिसताच कोल्हे कारभाऱ्यांनी त्यावर शिक्का मारला. वाचलं नाही. कारभाऱ्यांनी आजवर कुठलाच कागद वाचून शिक्का मारला नव्हता. वाचलं की शिक्का मारायला मन होत नाही, असं ते म्हणत.

राहिले मास्तर. मास्तर एका पायावर उभे. डोळे मिटलेले.

"मास्तर, पेटाऱ्यातला नवा प्रवेश घेतलाय. शिक्का आहे. चालेल ना?"

मास्तरांची मान डुलली.

"विनोदी बाईला मिशी हवीच, असा तुमचा नियम. मी दोघींना पदराखाली मिशा लावते. चालेल ना?"

मान पुन्हा डुलली. नाकातून शिटीही वाजली.

"मास्तरांनी चिंतनात होकार दिला," गजराबाईने सगळ्यांना सांगितलं. आणि गंमत बघा, हे मात्र सगळ्यांनी लगेच मानलं.

मिशा चिकटवताना तिने हौसाला बजावलं, "जीभ आवर गं बये. डिंक ताजा आहे, पण तुझ्या जिभेपुढे टिकायचा नाही."

"हं," हौसा म्हणाली आणि जीभ बाहेर काढली.

परीक्षेच्या दिवशी सगळं जंगल जमलं. महाराज पुढे बसले, पंजावर पंजा ठेवून. बाजूला कोल्हे कारभारी. कुंपणापाशी हौसाचा बाप, मांडीवर दोर.

आधी वानरांचा प्रवेश झाला. पदर सरकला, मिशी दिसली, महाराज हसले. दरवर्षी हसत तेवढंच हसले. पास.

मग कारभाऱ्यांनी पुकारलं, "झिपरी आणि हौसा."

पडदा वर गेला. मधे एक दगड. एका बाजूने एक बाई आली, पाठीला काटे लावलेली. ती साळू. दुसऱ्या बाजूने दुसरी निघाली. ती रानडुकरीण. येताना दोघींनी वाऱ्यात पदर जरासा हलवला. खाली मिशा.

"अरे, ही तर पोरं!" महाराज कारभाऱ्यांच्या कानात म्हणाले. "दोघी आजारी पडल्या वाटतं. बदली पाठवली. चला, बरं झालं." आणि ते ऐसपैस बसले. आता हसायला हरकत नव्हती.

साळू झालेली झिपरी दगडाजवळ गेली आणि म्हणाली, "सांगा हो दगडोबा तिला! अकरा पोरांचं बारसं केलंन्. अकरा वेळा पाळणा म्हटलान्. बाराव्यांदा शेजारणीला हाक मारायला घसा बसला होता का म्हणावं!"

सगळ्यांनी डुकरिणीकडे पाहिलं. ती उत्तर देईना. तिने आधी दगडाकडे पाहिलं. मग आभाळाकडे. मग मान एवढी सावकाश वळवली की मागच्या झाडावरचा पोपट न राहवून ओरडला, "अगं बोल की!"

"सांगा तिला," हौसा म्हणाली. "बोलावणार होते."

थांबली.

"पण तिने पोर मांडीवर घेतलं असतं."

आधी अस्वल हसत सुटलं. मग हरणं. मग महाराजांच्या मिशा थरथरल्या.

"सांगा हो तिला! मी झबलं आणलं होतं गेल्या खेपेला!"

"सांगा तिला. आणलं होतं." हौसा थांबली. "त्याला हातांना दोन भोकं हवी होती. सोळा होती."

महाराज आडवे झाले. मुलांनो, सिंह आडवा होऊन हसतो तेव्हा जमिनीवर शेपटी आपटतो. कारभाऱ्यांना दोन फटके बसले, तरी तेही हसत होते.

"हुबेहूब!" महाराज डोळे पुसत ओरडले. "अगदी आमच्या गुहेतल्यासारखं! बायकांची कामं काय करतात ही पोरं!"

पुढे दोघींचं भांडण असं वाढलं की दगड कोणाच्या बाजूचा हे विचारायची वेळ आली. दोघींनी दगडाला विचारलं. दगड गप्प. पुन्हा विचारलं. गप्प. मग दोघींनी पहिल्यांदाच एकमेकींकडे पाहिलं.

"बघितलंत ना साळूबाई?" डुकरीण म्हणाली.

"बघते आहे ना, डुकरीणबाई! सगळं ऐकून घेतलंन् आणि तोंडातून शब्द नाही. आपल्यात आग लावली ती ह्यानेच!"

आणि दोघी गळ्यात गळा घालून, दगडाला शिव्या देत, हसत निघून गेल्या. पडदा.

जंगल पाच मिनिटं थांबलं नाही.

"शाबास!" महाराज म्हणाले. "पास! दोघंही पास! आणि लिहिलंय कोणी हे?"

"मी," विंगेतून गजराबाई म्हणाली.

हे तिसऱ्यांदा.

जंगल पुन्हा हसलं. "बाई विनोदी आहे," महाराज म्हणाले. "नाही, खरंच कोणी लिहिलं?"

"कोणातरी जुन्या महापंडिताचं असावं," कारभारी म्हणाले. "शिक्का आहे त्याअर्थी."

बगळे मास्तर घसा साफ करून पुढे आले. "आमचे आजोबा असं लिहीत. शैली तीच आहे."

"वा! या रे पोरांनो, जवळ या. पाठ थोपटू द्या."

झिपरी टुणकन पुढे गेली. हौसा मागून आली. महाराजांच्या अगदी समोर उभी राहिली. आनंद झाला की घोरपड काय करते? जीभ बाहेर काढते. जीभ बाहेर आली, मिशीला लागली, मिशी जिभेला लागली. जीभ आत गेली.

हौसाने मिशी गिळली.

समोर नुसती हौसा उभी होती.

झिपरीने काय ते ओळखलं आणि स्वतःची मिशी उपटून मुकाट्याने पदराला बांधली.

"ही तर पोरगी आहे," महाराज म्हणाले.

"दोघी," झिपरी म्हणाली.

महाराज ताठ बसले. "कारभारी, हा प्रवेश विनोदी होता की नव्हता?"

"महाराज हसले, म्हणजे होता."

"पण करणाऱ्या माद्या होत्या."

"म्हणजे नव्हता."

"मग मी हसलो कशाला?"

कारभाऱ्यांनी शिक्का उलटासुलटा करून पाहिला. पण त्यांना एवढं कळत होतं की महाराज हसले, हा घोटाळा आहे, आणि घोटाळा झाला की कोणीतरी सापडावं लागतं.

"उत्तर सापडेपर्यंत दोघी नापास!" ते ओरडले.

कुंपणापाशी हौसाचा बाप दोर घेऊन उठला. हौसाच्या घशात मिशी होती आणि डोळ्यांत पाणी आलं.

"थांबा," गजराबाई म्हणाली आणि विंगेतून बाहेर आली. पडदा हलला. "नियम काय आहे? महाराज हसले तर पास. महाराज हसले. हसू परत घेता येत असेल तर घ्या. आम्ही थांबतो."

महाराजांनी प्रयत्न केला. आयाळ सारखी केली. कपाळाला आठ्या घातल्या. आजोबांचं श्राद्ध आठवलं. पण मधेच त्यांना ते सोळा भोकांचं झबलं आठवलं, आणि नाकातून असा फुर्रकन आवाज निघाला की तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

"पास आहेत," महाराज पडेल आवाजात म्हणाले. "पण दोषी कोण? कारभारी, शिक्का तुमचा!"

"मी न वाचता मारतो, हे सगळ्या जंगलाला माहीत आहे. मास्तरांनी होकार दिला!"

"मी चिंतनात होतो!" मास्तर म्हणाले. "आणि लिहिणाऱ्याला विचारा ना!"

"तुमच्या आजोबांना?"

"आजोबांना लिहिता येत नव्हतं," मास्तर घाईघाईने म्हणाले. "आमच्या घराण्यात कोणालाच येत नाही."

"मग लिहिलं कोणी?" महाराज गरजले.

"मी," गजराबाई म्हणाली.

हे चौथ्यांदा.

आणि मुलांनो, या वेळी कोणी हसलं नाही. कोणी विचारलं नाही की चौथी शिकलेली बाई नाटक कशी लिहील. सगळ्यांना एका क्षणात पटलं.

"मला वाटलंच होतं!" कारभारी म्हणाले.

"शैलीच तिची आहे!" मास्तर म्हणाले.

"तिच्याशिवाय असलं कोण लिहिणार?" वानर म्हणाले.

सगळं जंगल, ज्याचं एकमेकांशी कधी पटलं नव्हतं, ते एक झालं आणि गजराबाईकडे बोट दाखवू लागलं. गजराबाईला हे ओळखीचं वाटलं. तिने रंगभूमीवर अजून पडलेल्या त्या दगडाकडे पाहिलं. दगड गप्प होता. पण तो हसतोय असं तिला वाटलं.

हुकूम निघाला. नाट्यशाळेच्या दारावर फळी लावायची आणि जबाबदार बाईचं नाव त्यावर कोरायचं, म्हणजे पुढच्या पिढ्यांना कळेल. कारभारी स्वतः कोरायला बसले. गजराबाई शेजारी उभी राहून एक एक अक्षर लावून वाचत होती.

"जरा मोठं काढा," ती म्हणाली. "लांबून वाचता आलं पाहिजे. आणि 'विनोदी प्रवेश' हे शब्द राहू द्या, गुन्हा कोणता ते कळायला हवं."

"बरोबर आहे," कारभारी म्हणाले आणि मोठं काढलं.

हौसाचा बाप दोर टाकून घरी गेला. तो दोर आता नाट्यशाळेच्या पडद्याला आहे. पुढच्या वर्षी परीक्षेला सात पोरी बसल्या. त्यांनी प्रवेश कुठला निवडला, ते विचारायला नको. मास्तर अजून एका पायावर उभे असतात. चिंतन चालू आहे.

तात्पर्य: पोरींनो, चांगलं काही लिहिलंत तर 'हे मी लिहिलं' म्हणून ओरडत फिरू नका, घसा फुकट जाईल. त्यावर जंगलाला हसू द्या, मग हसल्याची लाज वाटू द्या. लाज वाटली की जंगल स्वतःच शोधाशोध करतं, पुरावे गोळा करतं, आणि ज्या बाईला काही लिहिता येत नाही असं वीस वर्षं म्हणत होतं, तिचं नाव शिक्क्यासकट, मोठ्या अक्षरांत, दारावर कोरून ठेवतं. फळी अजून आहे. जाऊन वाचा. "पाणवठ्यावरचा अबोला. विनोदी प्रवेश. या प्रकाराला सर्वस्वी जबाबदार: गजराबाई म्हैस."